कुशाबाईंच्या ओट्याखालचं पाणी

गुरुवार, १४ मार्च १९९६. सकाळी सव्वादहा वाजता सणसरजवळच्या माळवस्तीत कुशाबाईंच्या स्वयंपाकघरात विहीर खोदायला सुरुवात झाली. पहिली पहार ओट्यावर बसली. कडप्पा मधोमध तडकला. कुशाबाई दारात उभ्या होत्या. खोदणाऱ्यांचा चहा मागच्या अंगणात तीन दगडांवर उकळत होता.

उभं राहून स्वयंपाक करता येईल असा वस्तीत तो एकच ओटा होता. कुशाबाईंचे गुडघे गेलेले. खाली बसल्या की उठवायला दोन माणसं लागत. दिवाळीत त्यांनी बारामतीहून कडप्पा आणून ओटा बांधला. तेव्हापासून त्यांना उठण्यासाठी कुणाला हाक मारावी लागली नव्हती.

माळवस्तीला विहीर नको होती. वस्तीच्या अंगावरून कालवा जातो, शाळेपुढचा हातपंप चालू आहे. आदल्या शुक्रवारची बैठक त्या हातपंपाच्या सैल दांडीसाठी होती. ऊन फार म्हणून ती कुशाबाईंच्या घरात भरली. माणसं तेवीस.

सावळारामतात्या नुकतेच सुप्याहून, बहिणीकडून आले होते. तिकडे पाणाड्यानं नारळावर पाणी कसं शोधलं ते हातात एक नारळ धरून सांगत होते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ, खाली पाणी असेल तिथं आपोआप उभा राहतो. बोलता बोलता तहान लागली म्हणून तो नारळ तसाच हातात घेऊन ते ओट्यापाशी गेले आणि तांब्याकडे वळले.

"तात्या, उभा ऱ्हायला की!" पाणी समितीचे अध्यक्ष सर्जेराव म्हणाले.

तात्यांनी नारळाकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"मी गंमत केली हुती," सर्जेरावांनी नंतर सांगितलं. "पण तात्यांनी मान हलवली. वडीलधारा माणूस खोटं बोलंल का?"

तात्यांचं म्हणणं असं: "अध्यक्षांना दिसलं म्हणल्यावर न्हाय कसं म्हणायचं?"

मग नारळ हातोहात फिरला. आणखी वीस जणांच्या हातात तो उभा राहिला. एकाच्या हातातून तो खाली पडला, तेव्हा पाणी जोरात आहे असा अर्थ काढण्यात आला.

तेविसावे संघपाल. बारामतीत विहिरींच्या पाणीपातळीची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. हातपंप पाहायला आले होते.

"इथं खाली अखंड काळा पाषाण आहे," ते म्हणाले. "पाणी लागणार नाही."

"साहेब, आधी नारळ घ्या. मग बोला," सर्जेराव म्हणाले.

संघपालांनी नारळ घेतला. बावीस माणसं त्यांच्या हाताकडे बघत होती.

"थोडा हलला असावा," ते म्हणाले.

इतिवृत्तात 'तज्ज्ञांनी दुजोरा दिला' असं लिहिलं गेलं.

"कुशाबाई, घर तुमचं हाय. आता तुमीच बघा," सर्जेराव म्हणाले.

"माझ्या घरात नारळ फोडत्यात. उभा करीत न्हाईत."

"साऱ्या वस्तीचं पानी वट्याखाली दाबून ठिवनार व्हय, आत्या?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे हसले.

कुशाबाईंनी नारळ तळहातावर ठेवला. बराच वेळ पाहिला.

"उभा हाय," त्या म्हणाल्या.

असं का म्हणालात, हे त्यांना पुढं विचारलं. "तेवीस मानसांना दिसतंय आन् मला न्हाय. म्हणलं, गुडघ्यामागनं डोळंबी गेलं असत्याल."

पंचवीस दिवसांत एकतीस फूट खोदाई झाली. पाषाण लागला, पाणी लागलं नाही. कुशाबाई अंगणात खाली बसून भाकऱ्या थापत. शेजारची सारजा आणि तिची जाऊ दिवसातून चार वेळा येऊन त्यांना उठवत.

मंगळवारी, ९ एप्रिलला, त्याच घरात, खड्ड्याच्या कडेनं पुन्हा बैठक बसली. 'खोदाई थांबवावी' असा अहवाल संघपालांनी आणला होता. तो खिशातच राहिला.

"कुणाला शंका हाय का?" सर्जेरावांनी विचारलं.

कुणालाच नव्हती.

"मग पानी सरकलं आसंल," तात्या म्हणाले. त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं.

पाणी सरकल्याचा ठराव एकमतानं झाला. नव्या जागी पाणी सापडलं, तर कुशाबाईंचा खड्डा बुजवून समिती ओटा बांधून देईल. नाही सापडलं, तर याच खड्ड्यात साठ फुटांपर्यंत जायचं. नव्या जागेचा शोध कुशाबाईंनीच घ्यायचा, कारण पहिल्या जागेचा शेवटचा कौल त्यांच्या हातावर मिळाला होता.

कुशाबाई नारळ घेऊन निघाल्या. मागे तेवीस माणसं. त्या हळूहळू चालल्या, सात घरं ओलांडली आणि सावळारामतात्यांच्या स्वयंपाकघरात शिरल्या. चुलीशेजारी थांबून त्यांनी तळहात पुढं केला.

"उभा हाय का, आत्या?" सर्जेरावांनी विचारलं.

नारळ आडवा होता. अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत कुशाबाईंनी उत्तर दिलेलं नव्हतं. तात्यांनी मात्र होकारार्थी मान हलवली होती.