सर किती वितींचे?

पहिलीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी तो वर्ग सातवीला भूमिती शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात मारला. सर पंचावन्नचे. बगलेत कायम लाकडी पट्टी, म्हणून सगळी शाळा त्यांना पाठीमागे पट्टीसर म्हणायची. त्या पट्टीनं त्यांनी कधी कोणाला मारलं नव्हतं, पण हे पहिलीतल्या पोरांना कुठून ठाऊक असणार?

पहिल्या दिवशी वर्गात शिरताच सर म्हणाले, "शांत बसा." एकोणतीस मुलं शांत बसली, दोघं रडायला लागली. सरांनी फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'लांबी म्हणजे काय?' आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हे वाचता येणारा या खोलीत आपण एकटेच आहोत.

आठवडा असाच गेला. भिंतीपलीकडे दुसरीचा वर्ग होता, तिथून दिवसभर हसण्याचा आवाज यायचा. इकडे मुलं घंटेकडे डोळे लावून बसायची. सरांचीही तीच गत. फरक एवढाच, की घंटा झाल्यावर मुलांना घ्यायला कोणीतरी यायचं.

सरांची बायको जाऊन दोन वर्षं सात महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. लांब राहणारी थोरली बहीण दर रविवारी फोनवर विचारायची, "जेवलास का रे?" ते "हो" म्हणायचे. शुक्रवारी फाटकाशी शिपायाला "येतो" म्हटलं, की तो एक 'हो' सोडला तर सोमवारपर्यंत तोंड उघडायचं कारणच पडत नसे.

शेवटी त्यांनी दुसरीच्या बाईंना गाठलं. "बाई, तुम्ही त्यांना करता तरी काय एवढं?"

"काही नाही हो सर. मी खाली बसते त्यांच्यात. उभ्यानं बोललं, की त्यांना आपली नुसती हनुवटी दिसते."

त्या संध्याकाळी सरांनी घरी फरशीवर मांडी घालून पाहिली. गुडघे कडकड वाजले. उठताना खाटेचा आधार घ्यावा लागला. बघायला कोणी नव्हतं, तरी ते ओशाळले.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात गेले आणि खाली बसले. मुलं आधी दचकली, मग हळूहळू सरकत जवळ आली. सरांनी वीत कशी धरायची ते दाखवलं आणि सांगितलं, "जा, बाक मोजून या." वर्गात एकच झुंबड उडाली. कोणाचा बाक आठ विती भरला, कोणाचा नऊ. एकानं अठरा सांगितल्या, कारण तो आल्यापावली परत मोजत गेला होता. "माझंच बरोबर!" "खोटारडा!" भांडण हातघाईवर आलं. तेवढ्यात पुढचे दोन्ही दात पडलेली एक मुलगी सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही किती?"

"एकशे अडुसष्ट सेंटीमीटर."

"तसं नाही. विती किती?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि सरळ फरशीवर आडवे झाले. मग ती मुलगी त्यांच्या टाचेशी बसली आणि तिनं पहिली वीत टाकली.

"एक."

बाकीची मुलं पाठोपाठ आली. नडग्यांवर, गुडघ्यांवर, पोटावर इवलेइवले हात पडू लागले. काही गरम, काही घामेजलेले, एक डिंकानं चिकट. सरांनी डोळे मिटले. महिन्यातून एकदा न्हाव्याचा हात डोक्याला लागायचा, तेवढाच. नाहीतर इतक्या दिवसांत त्यांना कोणी हात लावला नव्हता. हे त्यांना आत्ता, फरशीवर पडल्यापडल्या कळलं.

"सर, इथं आत काहीतरी उडतंय," छातीवर हात ठेवून कोणीतरी म्हणालं.

"उडू दे. तू मोज."

"सर रडतायत!"

"गुदगुल्या होतायत रे," सर म्हणाले.

नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका दारात आल्या. सर आडवे, वर पोरांचा गराडा. "अगं बाई! सरांना काय झालं? पाणी आणा कोणीतरी!"

"बाई, हळू बोला ना!" दात पडलेली ओरडली. "तेरा झाल्यात, मी विसरेन!"

सर चौदा विती भरले. काहींच्या हिशेबानं तेरा, काहींच्या पंधरा. असं का, हे सरांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त आपला पंजा उघडून पुढे धरला. एकेकानं त्यावर आपला हात टेकवला, आणि लहान हाताला जास्त विती लागतात हे मुलांनीच ओरडून सांगितलं. त्या दिवशी भिंतीपलीकडच्या बाई डोकावून गेल्या, एवढा आवाज होता.

पुढचे पाच महिने भुर्रकन गेले. मग पहिलीच्या बाई परत आल्या आणि सर सातवीवर गेले. सुरुवातीला मधल्या सुट्टीत दहाबारा मुलं धावत यायची. मग तीनचार. मग बाईंचं बाळ, बाईंच्या नव्या गोष्टी यांत ती रमली. मुलं अशीच असतात, असायलाच हवीत, असं सर स्वतःला समजावत राहिले. सातवीत वर्तुळं काढताना मात्र त्यांचा खडू मधूनच थांबायचा.

पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग मिळावा, असा अर्ज त्यांनी केला. मुख्याध्यापिकांनी तो उलटसुलट पाहिला.

"सर, कारण लिहिलेलं नाही."

"लिहितो," म्हणून सरांनी कागद परत घेतला.

तो चार दिवस पिशवीत पडून होता. 'अध्यापनातील नवीन प्रयोग' असं लिहून त्यांनी खोडलं. 'अनुभव' लिहिलं, तेही खोडलं. पाचव्या दिवशी कोरा कागद घेऊन त्यांनी एकच ओळ लिहिली: 'मला तिथे बरं वाटतं.'

मुख्याध्यापिकांनी ती वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, "बसा ना सर, जरा."