आवच्या नवमीची कोनशिला

फ्रेडाने चहाचा पेला वडिलांपुढे ठेवला, आणि त्यांनी तो दोन बोटांनी हळूच मागे सारला.

"काय झालं? गार झालाय का?"

"आज उपास आहे, फ्रेडेले."

"उपास? भर जुलैत कसला उपास?"

झुंडेल यांना गावात सगळे आदराने रेब म्हणत; ते पंच्याहत्तरी ओलांडलेले होते. बोस्टनजवळच्या चेल्सी गावात, प्रार्थनाघराच्या तळघरात बसून त्यांनी चाळीस वर्षं मुलांना हिब्रू शिकवलं होतं. सरळ उत्तर द्यायचं नाही, आधी प्रश्न विचारायचा, ही त्यांची सवय हाडात भिनली होती.

"यरुशलेमच्या तटाला खिंडार कधी पडलं?"

"टाटे, मी दहा वर्षांची नाही आता." वडिलांना ती लहानपणापासून टाटेच म्हणत असे, आणि ते तिला लाडाने फ्रेडेले.

"दहा वर्षांची होतीस तेव्हा उत्तर आलं होतं. तम्मुझ महिन्याची सतरावी. म्हणजे आज. आणि तिथून तीन आठवड्यांनी मंदिर पडलं. आव महिन्याची नवमी. पहिलं मंदिरही त्याच दिवशी गेलं आणि दुसरंही."

"तीन आठवड्यांनी..." फ्रेडाची लोणी लावणारी सुरी हवेतच थांबली. "म्हणजे तेवीस तारीख?"

"रविवार."

तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे गावातल्या अंत्यविधीच्या दुकानाने दरवर्षीप्रमाणे फुकट वाटलेलं कॅलेंडर होतं. वर इंग्रजी तारखा, खाली ज्यूंच्या तिथी. तेवीस जुलैच्या चौकटीत, बारीक अक्षरात का होईना, सगळं लिहिलेलं होतं. त्याच चौकटीवर तिने स्वतःच्या हाताने लाल पेन्सिलीने मोठा गोल काढला होता. नव्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची कोनशिला त्या दिवशी बसायची होती, आणि तारीख तिनेच ठरवली होती.

हे विद्यापीठ दोन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. अर्ध्या तासावरच्या टेकडीवर क्षयरोग्यांचं एक बंद पडलेलं आरोग्यधाम होतं. ज्यू लोकांनी ते घेतलं, झाडलं, रंगवलं. वर्गांच्या भिंतींवर खाटांचे आकडे अजून दिसत. ग्रंथालय जुन्या धोबीखान्यात होतं, त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांनाही साबणाचा वास यायचा. खर्च ज्यूंचा, पण दार सगळ्यांना उघडं. प्रवेशाच्या कागदावर धर्म विचारायचाच नाही, हा तिथला पहिला नियम होता.

या नियमामागे काय होतं ते फ्रेडाच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. अठराव्या वर्षी रेब झुंडेल रशियातल्या मिन्स्कमध्ये शिकायला गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुमच्या लोकांच्या जागा भरल्या. अठराव्या वर्षी फ्रेडा बोस्टनच्या एका कॉलेजात गेली, तेव्हा तिलाही तेच सांगण्यात आलं. बाप-लेकीला एकच उत्तर मिळालं, फक्त भाषा वेगळी होती.

म्हणून तर तिने महिला मंडळातल्या बायकांना घेऊन घरोघरचे पोटमाळे उपसले होते, पुस्तकं गोळा केली होती. म्हणून तर कार्यकारिणीशी भांडून तिने ठराव करून घेतला होता की, कोनशिलेवर पहिली थापी रेब झुंडेल मारतील. तारखेसाठी तिने काय कमी खटपट केली होती? बिशपच्या कचेरीत विचारलं, कॅथलिकांचा काही सण नाही ना? प्रोटेस्टंट पाद्र्यांना विचारलं. गव्हर्नरच्या सेक्रेटरीला विचारलं. रस्ते तुंबू नयेत म्हणून त्या दिवशी बेसबॉलचा मोठा सामना नाही ना, तेही पाहिलं. सगळ्यांचे दिवस विचारून झाले. आपला तेवढा राहिला.

"टाटे, त्या दिवशी विद्यापीठाची कोनशिला आहे."

"आवच्या नवमीला?" म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या. "आपलं घर पडलं त्या दिवशी नव्या घराचा दगड? मी नाही बघायला येणार."

"बघायचा नाहीये. तुम्हीच बसवणार आहात. ऐन वेळी सांगायचं ठरवलं होतं मी."

रेब झुंडेल यांनी आपले हात टेबलावर ठेवले आणि ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी?"

"पहिली थापी तुमची."

मग ते म्हणाले, "एरवी कधीही चालत आलो असतो, फ्रेडेले. त्या दिवशी नाही."

*

कार्यकारिणीचे अध्यक्ष हायमी लुबार्स्की रेनकोट बनवत. त्यांच्या कारखान्यात रबराच्या वासाने डोकं उठायचं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेडा तिथे जाऊन उभी राहिली.

"तारीख कुणी ठरवली?" लुबार्स्कींनी विचारलं.

"मी."

"सगळं तपासलंय, असं सभेत कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणाले होते, हायमी. जखमेवर मीठ चोळून घ्यायला मी इथवर आलेली नाही. तारीख बदल."

"बदल काय! आमंत्रणं गेली. मांडव सांगितलाय. दोनशे माणसांसाठी थंड सॅमन मासा सांगितलाय. गव्हर्नर येतोय, गव्हर्नर! दुसरी तारीख मागितली तर तो नोव्हेंबरातली देईल, आणि नोव्हेंबरात निवडणूक हरला तर?" ते जरा पुढे झुकले. "खरं सांग. तू धरतेस आवच्या नवमीचा उपास?"

"नाही."

"शेवटचा कधी धरलास?"

"लग्नाआधी."

"झालं तर मग."

फ्रेडाला स्वतःचाच संताप आला. ती देवभोळी असती तर निदान टेबलावर मूठ तरी आपटता आली असती.

"रेब झुंडेल येणार नाहीत," ती म्हणाली. "ज्यांच्याकडे तू शिकलास ते."

लुबार्स्कींचा चेहरा क्षणभर शाळकरी झाला. "मग एक करू. आधीच एखाद्या दिवशी त्यांना तिथे नेऊ, हातात थापी देऊ, फोटो काढून ठेवू. पेपरात तोच छापू."

"हे तू त्यांना सांग. तुझ्या तोंडून."

"नको," लुबार्स्की घाईघाईने म्हणाले.

तिथून ती विद्यापीठाचे डीन आमदुर यांच्याकडे गेली. डॉक्टर आमदुर बोलताना प्रत्येक शब्द आधी जिभेवर तोलून बघत.

"आधी कळलं असतं तर आपण गुपचूप दुसरा दिवस घेतला असता," ते म्हणाले. "आता कारण द्यावं लागेल. ज्यूंच्या उपासासाठी समारंभ पुढे ढकलला, असं उद्या पेपरात येईल. लोक म्हणतील, बघा, शेवटी ही यांच्या धर्माची पाठशाळाच निघाली."

"आणि ज्यूंच्या उपासाच्या दिवशी ज्यूंनीच मेजवानी दिली, तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणारच नाही, मिसेस टोल्चिन."

ते वाक्य फ्रेडाच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. घरी येऊन तिने बिशपच्या कचेरीत फोन लावला. फादर किर्नन पाहुणे म्हणून येणार होते. दिवस बदलला तर त्यांना चालेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"नवमीमुळे ना?" पलीकडून प्रश्न आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचा फोन आला त्याच दिवशी लक्षात आलं. पाद्री व्हायला शिकत होतो तेव्हा थोडं हिब्रू झालं होतं."

"मग बोलला का नाहीत, फादर?"

"तुम्ही विचारलंत, कॅथलिकांचा सण आहे का. नव्हता." ते जरा ओशाळल्यासारखे थांबले. "मला वाटलं, तुमचं तुम्हाला माहीत असेलच. मुद्दाम निवडला असेल दिवस. पडलेलं घर पुन्हा उभं करायला. मनात म्हटलं, काय सुंदर विचार आहे!"

फ्रेडाने रिसीव्हर ठेवला आणि ती भिंतीला टेकून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आठवड्याने कार्यकारिणीची सभा झाली. फ्रेडाने किर्नन यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सगळे अस्वस्थ झाले, खुर्च्या कुरकुरल्या, आणि शेवटी ठरलं असं की तारीख तीच राहील, पण उपासाचा मान राखून जेवणाऐवजी चहापान ठेवावं. सॅमनचे पैसे देऊन झाले असल्यामुळे चहाबरोबर सॅमनही ठेवावा. ही तोड सुचवणाऱ्याची दोघातिघांनी पाठ थोपटली.

*

त्या संध्याकाळी तिने वडिलांना शेवटचं गाठलं.

"आयुष्यभर तुम्हाला दाराबाहेर ठेवलं, टाटे. आता दार आपणच केलंय, आणि तुम्ही उंबऱ्याशी अडून बसलात!"

"मी अडलो नाही. येईन की. दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी दगड बसून गेलेला असेल!"

"बसलेला दगड कुठे पळतो?"

"अहो, यहूदा प्रांतात दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या भिंतीसाठी तुम्ही इथली उभी राहणारी भिंत सोडताय. याला काही अर्थ आहे?"

रेब झुंडेल रागावले नाहीत. वर्गात एखादं मूल अडलं की होत तसे ते आणखीच सावकाश झाले.

"तळघरात मुलं हेच विचारायची. रेब झुंडेल, आम्ही कधी न पाहिलेल्या घरासाठी का रडायचं? मी म्हणायचो, रडू नका. फक्त एक दिवस जमिनीवर खाली बसा, सुतकात बसतात तसे. वर्षातून एक दिवस. चाळीस वर्षं मी त्यांना खाली बसवलं. आणि आता तीच मुलं खुर्च्यांवर बसून बघणार, आणि मी मांडवात उभा राहून थापी मारायची?"

फ्रेडाने हात टेकले. त्यांचं म्हणणं तिला पटलं नव्हतं.

*

तेवीस तारखेला ऊन कडकडीत पडलं. रेब झुंडेल आदल्या रात्रीपासून पायात कापडी सपाता घालून खोलीत बुटक्या स्टुलावर बसले होते. उपासाच्या दिवशी नमस्कार-चमत्कार करायचे नसतात, म्हणून फ्रेडा निघताना तेही काही बोलले नाहीत आणि तीही नाही.

टेकडीवर मांडव फुलला होता. ती सगळ्यांशी हसली, सगळ्यांना जागा दाखवल्या. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. त्यात भक्ती नव्हती, भूकच नव्हती, एवढंच. फादर किर्नन सॅमनच्या टेबलाजवळून हात मागे बांधून पुढे गेले, ते तिने पाहिलं.

भाषणं झाली. लुबार्स्की माइकपाशी आले.

"आपल्या सगळ्यांचे गुरुजी प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत..."

"प्रकृती चांगली आहे त्यांची," फ्रेडा पहिल्या रांगेतून म्हणाली.

लोकांनी माना वळवल्या. लुबार्स्कींनी घाईने माइक जवळ ओढला. "तर त्यांच्या जागी त्यांची कन्या, मिसेस टोल्चिन, पहिली थापी मारतील!"

टाळ्या झाल्या. फ्रेडा वर गेली. गवंड्याने कालवलेल्या सिमेंटची पाटी पुढे केली आणि लुबार्स्कींनी तिच्या हातात चकचकीत थापी दिली. दोन वर्षं ती याच क्षणासाठी राबली होती, पण तिने तो मनात पाहिला होता तेव्हा थापीवरचा हात सुरकुतलेला होता. तो सोडून दुसऱ्या कुणाचा हात तिला तिथे चालेना, स्वतःचाही नाही.

"हायमी, मी नाही मारणार," ती हळूच म्हणाली.

"अगं, फोटोवाले थांबलेत!"

"थांबू देत. ही पाळी माझी नाही."

लुबार्स्कींनी घाम पुसला आणि थापी शेजारच्या पाहुण्यापुढे धरली. फादर किर्नन यांनी नम्रपणे मान हलवली. "आज मी नको. ज्यांची पाळी आहे ते घरी आहेत, म्हणतात."

थापी तशीच हवेत राहिली. तेवढ्यात गव्हर्नर उठले. त्यांना पुढे आणखी एका जत्रेला जायचं होतं. "मी मदत करू का?" म्हणत त्यांनी थापी घेतली, सिमेंटचा गोळा दगडावर थापला, आणि कॅमेऱ्यांकडे बघून दात दाखवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

*

ती घरी आली तेव्हा ऊन उतरत होतं. रेब झुंडेल स्टुलावरच होते. फ्रेडा बूट काढून, पायमोज्यांवरच त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. कधी नव्हे ते बाप-लेक दोघं एकाच भिंतीला टेकून खिडकीत तारे दिसायची वाट बघत राहिले. तिसरा तारा दिसला, उपास संपला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "कुणी बसवला?"

"गव्हर्नरने."

"नीट बसला?"

"मला नाही माहीत! मी दगडाकडे बघितलंही नाही."

"उद्या दुपारनंतर घेऊन चल. बघू."

"मला तुम्हाला बघायला न्यायचं नव्हतं, टाटे!" तिचा आवाज फुटला. "हात लावायला न्यायचं होतं. एवढंच हवं होतं मला. सगळ्यांना सोयीचं झालं, तेवढं मात्र झालं नाही."

रेब झुंडेल यांनी दाढी कुरवाळली. "ग्रंथालय झालं की थांबणार आहात का? विज्ञान नाही शिकवायचं? मुलं कुठे झोपणार? अजून त्या क्षयाच्या खाटांवरच?"

"दोन वर्षं लागली या एका दगडाला."

"मग जरा घाई करा. मी काही तरुण होत नाहीये."

फ्रेडाने त्यांच्याकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. ती तरातरा उठली आणि तिने लुबार्स्कींच्या घरी फोन लावला.

"हायमी, विज्ञानाची इमारत कधी?"

"फ्रेडा, जेवतोय मी! आणि तिला अजून पैसा कुठाय?"

"तो मी बघते. पहिली थापी रेब झुंडेल यांची, हे आजच कबूल कर."

"कबूल, बाई, कबूल! आणि तारीख? तारीख पुन्हा तूच ठरवणार?"

"नाही," फ्रेडा म्हणाली आणि तिने रिसीव्हर वडिलांच्या हातात दिला.

"हायमी?" रेब झुंडेल यांचा आवाज चढला नाही. तळघरातल्या बाकांसमोर तो असाच असायचा. "वर्षाचे महिने सांग. निसानपासून."

पलीकडे काटा-सुरी ठेवल्याचा आवाज आला. मग रेनकोटवाल्या लुबार्स्कींचा घोगरा आवाज हळूहळू ऐकू यायला लागला. "निसान... इयार... सिवान..."

पुढे तम्मुझ, मग आव, पण तो तिथेच अडला. म्हातारा काही न सांगता, अजिबात घाई न करता, रिसीव्हर कानाला लावून थांबला. फ्रेडा चहाचं आधण ठेवायला गेली.