तेलाने न मेलेले

माशांची पिल्लं सोडण्याआधी हौदातले किडे मारायचे, हे काम त्याच्या बायकोचं. ती गेल्यावर यंदा त्यानेच पाण्यावर तेल पसरलं. पाणभुंगे, पाणढेकूण मरून तरंगले. ते काढून त्याने वर्षाची सगळी पिल्लं सोडली.

चौथ्या दिवशी मुलीने विचारलं, "बाबा, आई आधी किडे दोन भांड्यांत निवडायची. तुम्ही निवडले?"

"किडा तो किडा. त्याची काय जात बघायची?"

"वर येऊन श्वास घेणारे एकात, पाण्यातच घेणारे दुसऱ्यात. तेलाने पहिलेच मरतात. दुसरे सापडले, तर आई हौदच उपसायची."

तिने तळातून जाळी फिरवली. गाळात चतुराच्या अळ्या वळवळत होत्या. एकीच्या जबड्यात छोटी शेपटी होती.

त्याने हौदाच्या पलीकडच्या टोकापर्यंत पाहिलं. परवापर्यंत पिल्लांनी काळं दिसणारं पाणी नितळ झालं होतं.