कोपऱ्याचा खड्डा

"काका, पहार कुठंच लागून नाई राह्यली," अश्वजित खड्ड्यातून म्हणाला. "भिजल्या कणकेत बोट जाते तशी चालली खाली."

जानराव काठावर उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं. बाकीच्या खड्ड्यांत छातीभर काळी माती गेली की पिवळसर मुरूम लागला होता. तो लागला की अश्वजित मिस्त्री त्यावर पहार आपटून आवाज त्यांना ऐकवायचा. या खड्ड्यात मात्र मिस्त्रीचं डोकंही दिसेनासं झालं होतं आणि अजून मातीच निघत होती. तीही धड माती नव्हती. विटांचे तुकडे, बांगडीच्या काचा, टायरचं फाटकं कातडं असलं काहीबाही घमेल्यातून वर येत होतं.

"कोनीतरी भरेल हाये हे. मूळची जमीन नोहे."

"मंग?"

"मंग काय. पाहू आनखी."

खामगावच्या या अंगाला घर बांधायचं म्हणजे आधी जमिनीशी भांडण. कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वैशाखातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. वरच्या वर पाया घालून हौसेने वास्तुशांत करणाऱ्यांच्या भिंती दोन उन्हाळ्यांत तडकतात. मग ते तड्यावर कॅलेंडर लावतात आणि पाहुण्यांना दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसवतात. जानरावांनी असली कॅलेंडरं पुष्कळ पाहिली होती. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, हे त्यांनी नकाशाच्याही आधी ठरवून टाकलं होतं.

नकाशा त्यांचा स्वतःचा. जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून त्यांची हयात गेली, आणि राहणं फॅक्टरीमागच्या एका खोलीत. तिथे नवरा, बायको आणि मुलगा असे तिघं ओळीने झोपायचे. मधल्याला रात्री पाणी प्यायला उठायचं झालं की कुणाचा तरी पाय तुडवायचाच. त्या खोलीत बसून त्यांनी हे घर कागदावर काढलं. इंजिनिअरला दाखवा, असं चार लोकांनी सांगितलं. पण मशीन बसवणाऱ्याला घर बसवता येत नाही, हे त्यांना पटेना. हट्टी माणूस. घर पाहावं बांधून, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, पाहू की. देवघर, स्वयंपाकघर, मध्ये हॉल, नवराबायकोची एक खोली आणि रस्त्याच्या कोपऱ्याला मुलाची, हर्षलची.

हर्षल मागच्या वर्षी फाल्गुनात गेला. मलकापूरहून मोटारसायकलने घरी येत होता. त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं.

घरात माणूस गेलं की वर्षभर नवं काम काढत नाहीत, म्हणून पाया थांबला. वर्षश्राद्ध झालं, वैशाख लागला. आता काम धरा, मन रमेल, असं नातेवाईक म्हणाले आणि जानरावांनी काम धरलं. त्यांना भूक लागत होती, झोप येत होती, कुणी गंमत केली तर हसूही येत होतं. पण हे सगळं शेजारच्या घरात चाललं असावं तसं वाटायचं. चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने आखणी त्यांनी स्वतःच्या हाताने केली, आधी ठरली होती तशीच. दोरीचं दुसरं टोक बायकोने, सुभद्राबाईंनी धरलं. कोपऱ्याच्या खोलीपाशी आल्यावरही दोघांनी दोरी ताणली आणि रेघ मारली.

अश्वजितला सगळं माहीत होतं. बाकीच्या खड्ड्यांना तो देवघराचा, सैपाकघराचा म्हणायचा. या एकाला तो नुसतं कोपऱ्याचा म्हणायचा.

उन्हं चढल्यावर किसनराव आले. प्लॉट पडायच्या आधी हे सगळं त्यांचं वावर होतं. विकून पैसे खर्चून झाले तरी कोण कुठे काय बांधतंय हे रोज पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ते खड्ड्यापाशी आले आणि थबकले.

"इथं कायले खंदता? इथं आमची विहीर होती. प्लॉटवाल्यायनं बुजवली."

जानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आखनीच्या दिवशी तुमी इथंच उभे होते, किसनराव. तवा काऊन नाई बोल्ले?"

किसनरावांनी टोपी काढून डोकं पुसलं. पुसायला फारसं काही नव्हतं, तरी पुसत राहिले.

"तुमी दोघं पोराच्या खोलीची दोरी धरून होते. मले बोलनं झालं नाई." मग ते म्हणाले, "अन् मले वाटलं, हे खोली तुमी काढूनच टाकसान."

अश्वजित शिडीने वर आला, हातपाय झटकले आणि जानरावांशेजारी उकिडवा बसला.

"काका, दोन गोष्टी होतात. तळापर्यंत जाऊ, दगड-काँक्रीट भरू अन् वर खोली उभी करू. टाइम लागन, पन होते. मी करून देतो. नाईतर..."

"बोल ना."

"नाईतर हे खोली सोडून द्या. बाकीचं घर मुरमावर पक्कं हाये. इथं आंगन होईन, एखांदं झाड लावता येईन. विहिरीवर घर बांधू नाई म्हनतेतच लोकं. कोनाले काई सांगाचं काम नाई."

जानरावांना बरं वाटलं. एकदम, छातीतून काही उतरल्यासारखं बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा एखादी गोष्ट शेजारच्या घरात नाही तर त्यांच्या आत झाली होती, आणि ती ही होती. ती खोली आता बांधायला नको. तिला रंग कोणता द्यायचा, पंखा बसवायचा का, संध्याकाळी तिथे दिवा लावायचा की नाही, हे रोज उठून ठरवायला नको. नाही म्हणाली ती जमीन; नाही म्हणणारा बाप नव्हे. मग त्यांना त्या बरं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की ते विटांच्या ढिगावर जाऊन बसले.

"काकू येऊ दे," ते म्हणाले. "तिले विचारू."

सुभद्राबाई दुपारी डबा घेऊन आल्या. जानराव म्हणाले, "ये." पूर्वी ते त्यांना हर्षलची माय म्हणून हाक मारायचे. त्याऐवजी काय म्हणायचं ते अजून ठरलं नव्हतं.

जानरावांनी विहिरीचं सांगितलं, अश्वजितने सांगितलेलं दोन्ही प्रकारचं काम सांगितलं. सुभद्राबाई खड्डा पाहायला गेल्या नाहीत. कडुनिंबाखाली बसून त्यांनी डबा उघडला, भाकरी काढली, कांदा फोडला.

"तुमी काय म्हनता?"

"तू सांग."

"मी तुमाले विचारून राह्यली."

जानरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "अश्वजित म्हने, खोली सोडून द्या. तवा मले बरं वाटलं," ते म्हणाले. "खरं सांगतो. बरंच वाटलं."

सुभद्राबाईंनी त्यांना पिठलं वाढलं, मग स्वतःला घेतलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली.

"मले बी आत्ता वाटलं," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतलं तवाच. कसे मायबाप हाओ आपुन."

दोघं जेवले. डब्यात काही उरलं नाही.

हात धुऊन सुभद्राबाई उठल्या आणि आखणीकडे गेल्या. पाया सलग असतो, दाराखालूनही जातो, त्यामुळे आखणीत दार सोडायचं नसतं. हे जानरावांना माहीत नव्हतं. त्यांनी प्रत्येक खोलीला माणूस जाईल एवढी जागा कोरी सोडून रेघा मारल्या होत्या. पहिल्या दिवशी अश्वजित पोटभर हसला होता, पण त्याने त्या जोडल्या नव्हत्या. हर्षलच्या खोलीला दोन जागा कोऱ्या होत्या, एक हॉलकडे आणि एक रस्त्याकडे. मले राती उशीर होते, तुमची झोप काऊन मोडू, असं म्हणून ते रस्त्याकडचं दार त्याने मागून घेतलं होतं.

सुभद्राबाईंनी रेघ ओलांडली नाही. त्या हॉलमधून वळून दारातून खोलीत गेल्या. खड्ड्याच्या विरुद्ध बाजूला भिंत यायची होती, तिथे तिच्याकडे पाठ करून उन्हात बसल्या. अश्वजित पहारीची माती काढत राहिला. किसनरावांनी टोपी घातली आणि परत काढली. काही वेळाने सुभद्राबाई उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि रस्त्याकडच्या दाराने बाहेर आल्या.

"पुसून टाक बापा," त्या अश्वजितला म्हणाल्या.

अश्वजितने फावडं उचललं. जानरावांनी ते त्याच्या हातातून घेतलं.

हॉलकडची रेघ हॉलच्या भिंतीची, ती राहणार होती; खोलीच्या बाकीच्या जायच्या होत्या. फक्की काळ्या मातीत एकदम जिरत नाही. आधी करडी होते, मग वरून आणखी माती ओढावी लागते. जानराव मागच्या रेघेपासून ओढत ओढत कोपऱ्याला वळले आणि रस्त्याच्या अंगाला आले. तिथली अर्धी रेघ पुसून झाली आणि दार आलं. फावडं थांबलं. दाराच्या जागी पुसायला काही नव्हतं. तेवढं सोडून ते पुढे सरकले.