चाळिसाव्या परिच्छेदानंतर

मी एक जुना प्रिंटर आहे. सुयांनी रिबनीवर टोचून अक्षरं उमटवणारा, करकर आवाजाचा. १९९८ साली रत्नागिरीत वकील नीरजाताईंच्या ऑफिसात आलो, तेव्हा त्यांचे कारकून अण्णा यांनी मला हार घातला होता. चार वर्षांनी मला साधी रिबन मिळेना. मुंबईहून मागवायची म्हणून अण्णा चालढकल करत आणि जुनीवरच स्टॅम्पपॅडची शाई चोळत. मित्रांनो, माझा सगळा राग त्या रिबनीवर आहे.

२००२ साली शिवा नावाचा खलाशी ऑफिसात आला. तरुणपणी तो जहाजाच्या इंजिनखोलीत गरम पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचा. त्या धुळीने आता छाती धरली होती. बंदरापासून आमच्यापर्यंत येताना तो तीनदा बसे. ताईंनी त्याच्यासाठी जहाज कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, नोकरी सुटून बावीस वर्षं झाली, दाव्याची मुदत कधीच संपली.

“मुदत संपली तवा मी धडधाकट व्हतो, वकीलबाय,” शिवा म्हणाला. “तवा कशाची फिर्याद करणार व्हतो मी?”

ताईंना इथल्या पुस्तकांत उत्तर सापडेना. ऑस्ट्रेलियात अशा आजाऱ्यांचे बरेच दावे चालले होते आणि तिथले निकाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळू लागले होते. ते इथे बंधनकारक नसतात, पण आधाराला चालतात. फोनची लाइन तीनदा तुटल्यावर एक निकाल हाती लागला. तो मला छापायला देऊन ताई जेवायला गेल्या.

चाळिसाव्या परिच्छेदापर्यंत अक्षर ठीक होतं. पुढे शाई संपली. मी नेटाने टोचत राहिलो, पण कागदावर नुसती सावली उमटली. अण्णांनी ठळक कागद टेबलावर ठेवले आणि फिकट कागद वेगळे करून पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात टाकले.

चाळिसाव्या परिच्छेदात लिहिलं होतं, मुदत संपली, अपील फेटाळावं. खाली न्यायाधीशांचं नाव. आपल्याकडे बहुधा एक न्यायाधीश लिहितात आणि बाकीचे होकार देतात, म्हणून ताईंना तो पुरा निकाल वाटला. तिथे मात्र पाच जणांनी पाच मतं लिहिली होती. उरलेले चौघे म्हणत होते, आजार कळला त्या दिवसापासून मुदत मोजा. हे मला ठाऊक होतं, मीच ते छापलं होतं. पण मला तोंड कुठे आहे? ताईंनी आशा सोडली आणि शिवाने दावा मागे घेतला.

आठ महिन्यांनी अण्णांनी कुंपणाच्या भांडणाची कच्ची नोटीस छापायला ते पाठकोरे कागद मला भरवले. माझीच अक्षरं माझ्या पोटात आली. मी अडकलो. मुद्दाम की म्हातारपणाने, ते विचारू नका. ताईंनी चुरगळलेला कागद ओढून काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि खुर्चीत बसल्या.

“अण्णा, हे कुठे होतं?”

“फिकट आलं होतं. वाया गेलं म्हणून ठेवलं पाठकोऱ्यात.”

ताईंनी शिवाला निरोप धाडला. आली ती त्याची बायको तुळसा, मोकळ्या कपाळाने. शिवा पौषातच गेला होता. ताईंनी तिला चौघांची मतं मराठीत सांगितली. चूक माझी आहे, मी शेवट शोधला नाही, असंही सांगितलं. दावा पुन्हा उभा करायला अर्ज देईन, पण वचन देता येत नाही, म्हणाल्या.

तुळसाने टेबलावरचा तो चुरगळलेला कागद हाताने सपाट केला. मग तिने विचारलं, “म्हंजे आमचे हे बोलायचे ते खरं व्हतं, असं लिवलंय त्यात?”

ताईंनी होकारार्थी मान हलवली.

“मंग तो कागद मला द्या. दिसंल असा.”

अण्णांनी घाईने मला सुरू केलं. होता नव्हता तो जोर लावून मी टोचलं. रिबन तीच होती.

मित्रांनो, आम्हा मुक्या यंत्रांना वेळेवर शाई द्या. आणि कागद फिकट आहे म्हणून बाजूला टाकू नका, उजेडात धरून शेवटपर्यंत वाचा. तुळसाच्या हातात मी जवळजवळ कोराच कागद दिला. तिने तो नीट घडी घालून पदरात बांधला.