तुळशीखालची ओल

लातूर जिल्हा झाला तसे गावात साहेब आले, कारकून आले, कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या. पाणी मात्र आलं नाही. पावसानं लागोपाठ दगा दिला, आणि नळ आठवड्यातून एकदा, तोही धाप लागल्यासारखा, येऊ लागला. ज्याच्या अंगणात हौद त्याचाच संसार काय तो बरा चालला होता.

धुरपताबाईंच्या अंगणात हौद होता. जमिनीत बांधलेला, वर पत्र्याचं झाकण. नवरा गेल्यावर त्या घरात एकट्याच. मागच्या दोन खोल्यांत कलेक्टर कचेरीतले कारकून भुजंगराव, बायको तारामती आणि लहानगी मुलगी भाड्यानं राहत. अर्धापूरकडचं बौद्ध कुटुंब. खोल्या देताना धुरपताबाईंनी जात विचारली नव्हती, आणि कळल्यावरही त्यांच्या कपाळाला आठी पडली नव्हती. मारुतीच्या देवळात इतकी वर्षं कीर्तन ऐकलं, ते अंगी लागलं असं त्यांना मनातून वाटे. दोन्ही घरं एकाच हौदावर पाणी भरत.

हौदाला खेटूनच तुळशीवृंदावन होतं. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या तुळशींच्या काटक्या झाल्या. धुरपताबाईंची तुळस मात्र हिरवीगार, मंजिऱ्यांनी लवलेली. पाण्याची ओढ म्हणून त्यांनी तिला तांब्याभर पाणी घालणंही सोडलं होतं. सकाळच्या पूजेनंतर पळीभर तीर्थ, बस्स.

"पळीभर तीर्थावर एवढी हिरवी?" शेजारच्या साखराबाईंनी वृंदावनापुढं पदर पसरला. "धुरपता, देवच पाणी घालून राहिला माय तुझ्या तुळशीला."

मग गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन येऊ लागल्या. धुरपताबाई तोंडानं काही म्हणत नसत, पण कीर्तनात बुवांनी भक्ताघरी राबणाऱ्या देवाची कथा लावली की त्यांच्या डोळ्यांना धार लागे. आपलं अंगण त्यानं पाहिलं, एवढंच मनात येई.

त्याच दिवसांत हौदाचं पाणी पुरेनासं झालं. नळ आला की हौद काठोकाठ भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी पोहऱ्याचा दोर हातभर जास्त सोडावा लागायचा.

"तारामती, काल लई धुणं काढलं होतं काय गं?"

"न्हाई मावशी. पोरीचा एक फराक धुतला. ते पाणीबी फरशीला वापरलं."

धुरपताबाई गप्प बसल्या, पण ते गप्प बसणं देवळापर्यंतच टिकलं. कीर्तन उभं राहायच्या आधी, खांबाजवळच्या नेहमीच्या जागी, तारामती पाणी जास्त उपसते असा संशय त्यांनी साखराबाईंना बोलून दाखवला.

"कुलूप लाव," साखराबाई म्हणाल्या. "आयुष्यात पह्यल्यांदा हौदाला हात लागलाय त्यांचा. मोकळा सापडल्यावर उपसतेतच की." आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या.

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. पण टाळ वाजला, बुवा उभे राहिले, आणि धुरपताबाईंनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी झाकणावर कुलूप होतं.

घागर कडेवर घेऊन तारामती समोर उभी राहिली. "मावशी, हे काय?"

"पोरंसोरं डोकावतेत. पडलं बिडलं एखादं म्हणजे?"

"पोर तर माझी एकलीच हाय. अन् ती तिकडं फिरकत न्हाई." तारामतीनं घागर खाली ठेवली. "आमची आजी गावच्या आडापाशी उभी राह्यची, कोणी वरून ओतंल म्हणून. मला वाटलं होतं, ते तिच्यासंगं सरलं." आवाज चढला नव्हता. तिनं धुरपताबाईंनी ओतलं तेवढं पाणी घेतलं आणि गेली.

संध्याकाळी भुजंगराव दारात आले. चप्पलसुद्धा काढली नाही. "मावशी, देवळात काय बोलणं झालं ते माझ्या कानावर आलं. महिना भरला की खोली सोडतो. पण चोर म्हणून सोडणार नाही. माझ्या लेकरानं तो शब्द ऐकायचा नाही. जिथं बोललात तिथंच तो मोडा, मग आम्ही जातो."

कुलूप लागलं तरी हौद खाली जातच राहिला. "दुसरी किल्ली करून घेतली असंल," साखराबाई म्हणाल्या. धुरपताबाईंनाही ते पटलं.

पुढच्या खेपेला नळ येऊन गेला त्याच सकाळी भुजंगरावांचं बिऱ्हाड दाराला कडी घालून नातलगाकडच्या बारशाला अर्धापूरला गेलं. दुसऱ्या दिवशी एकादशी. धुरपताबाईंनी नळ गेल्यावर लगेचच लागेल तेवढं पाणी भरून घेतलं, पाण्याच्या रेघेवर आतून गेरूची खूण केली आणि झाकण बंद केलं. पुढच्या दारालाही आतून कडी. आता अंगणात त्या, तुळस आणि हौद, चौथं कोणी नाही.

एकादशीच्या सकाळी त्यांनी झाकण उघडलं. गेरूची खूण वर कोरडी पडली होती. पाणी पार खाली.

त्या काठावर बसल्या. किल्ली कनवटीला होती. तिकडे त्या दोन खोल्यांच्या कड्या होत्या तशाच. पाणी खाली जाऊन जिथं थांबत आलं होतं तिथं भिंतीवर शेवाळाची एक जुनी रेघ होती, ठळक. म्हणजे दर आठवड्याला पाणी इथवरच उतरत होतं आणि इथंच थबकत होतं. नेणाऱ्याला तहान लागली तर तो एखाद दिवशी जास्त नेईल, एखाद दिवशी कमी. दर खेपेला एकाच रेघेवर कोण थांबतं?

कपाळाला लावायचा कीर्तनातला बुक्का देवघरात होता. त्यांनी चिमूटभर आणून पाण्यावर सोडला आणि वाट पाहिली. काळी भुकटी आधी पसरली, मग हळूहळू एका कोपऱ्याकडे सरकू लागली. कोणी बोट धरून नेल्यासारखी. त्या कोपऱ्यात सिमेंटला केसाएवढी चीर होती, आणि चिरेतून पांढरी मुळं आत लोंबत होती.

वर त्याच कोपऱ्याला वृंदावन होतं.

धुरपताबाईंनी तुळशीच्या बुंध्याशी हात घातला. वरची माती भुसभुशीत, कोरडी. वीतभर खाली बोटं गार पडली. चिखलच होता तो. तो हात त्यांनी कितीतरी वेळ तसाच आत ठेवला. बायांनी वाहिलेलं कुंकू मनगटाला लागलं होतं.

"पांडुरंगा," त्या एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळच्या कीर्तनाला त्या गेल्या, पण खांबाजवळ बसल्या नाहीत. आरती झाल्यावर बाया उठायला लागल्या तशा उभ्या राहिल्या.

"थांबा गं जरा. माझ्या तुळशीला देव पाणी घालत नव्हता. माझा हौद फुटलाय, मुळं शिरलीत त्याच्यात. कड्या लावून, खूण करून बघितलं मी. तारामतीनं एक तांब्यासुद्धा चोरला न्हाई. मी इथं बसून तिचं नाव घेतलं, ते खोटं होतं."

"असू दे की आता, देवाच्या दारात कशाला ते," साखराबाई पुटपुटल्या.

"इथंच बोलले होते, साखरा. तू बोललीस, ह्या हसल्या, अन् मी गप बसले. तेबी इथंच."

बिऱ्हाड परत आलं तेव्हा वृंदावनाच्या जागी खड्डा होता आणि तुळस डालड्याच्या डब्यात होती. पानं मान टाकून. धुरपताबाईंनी सगळं सांगितलं, देवळातलंही. तारामतीनं ऐकून घेतलं. खड्ड्यात वाकून तिनं ती चीर पाहिली, मुळं पाहिली.

"कळलं," ती म्हणाली. "पण आमचं जायचं ठरलंय, मावशी."

"हाव. मी अडवीत न्हाई. जाताना ताठ मानंनं जा, एवढंच होतं माझ्या हातात." मग त्या म्हणाल्या, "कुलपावर मात्र काही बोलता येत न्हाई मला. ते मी हातानं लावलं."

गवंडी केरबा आला. चीर बुजवायची तर हौद रिकामा करायला हवा होता, आणि सिमेंट मुरेपर्यंत त्यात थेंबही नको. धुरपताबाईंच्या घरात एकटीपुरती भांडी. तारामतीनं न बोलावताच पदर खोचला. दोघींनी पोहऱ्यानं हौद उपसला. तारामतीचा रांजण, घागरी, बादल्या, पोरीची छोटी कळशीसुद्धा भरली. सगळं पाणी मागच्या खोल्यांत गेलं.

दुपारी धुरपताबाई रिकामा तांब्या घेऊन तारामतीच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मुलगी खेळता खेळता थांबून बघू लागली.

"पाणी देतीस काय गं?"

तारामती रांजणाजवळ गेली. ओगराळं हातात घेऊन वळली. "देवपूजेला हवंय काय मावशी? आमच्या रांजणातलं चालंल त्याला?"

"त्याला इचारलं न्हाई. मला तहान लागलीय."

तारामतीनं त्यांच्या हातातला तांब्या घेऊन ओगराळ्यानं भरला. मग म्हणाली, "बाहेर काहून उभ्या? आत या."

धुरपताबाई आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि तांब्या तोंडाला लावला. बाहेर केरबाची थापी सिमेंटवर फिरत होती. तांब्यात घोटभर पाणी उरलं तेवढं त्यांनी सांडलं नाही. जाताना डब्यातल्या तुळशीच्या बुंध्याशी ओतलं.