खिडकीवरच्या कागदी पट्ट्या

मुलीच्या थुंकीचा रिपोर्ट त्या दिवशी यायचा होता आणि घड्याळजी उघडं घड्याळ पुढ्यात ठेवून दाराकडे बघत होता. बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. क्षयानं गेली. आता मुलगीही तशीच खोकायची, उशीत तोंड खुपसून, बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. एका खोलीत खोकला कुठे लपणार?

बाजारात पूर्वी त्याची छोटी टपरी होती. भाडं झेपेना तेव्हा तो टेबल घरी घेऊन आला आणि उजेडासाठी खिडकीखाली मांडलं. पहिल्याच आठवड्यात रस्त्याची धूळ एका उघड्या घड्याळात जाऊन बसली. गिऱ्हाइकानं दारात उभं राहून त्याची अब्रू काढली. त्याच दिवशी त्यानं काचेची ती खिडकी लावून घेतली. बायकोनं पिठाची खळ शिजवली आणि फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या.

"घड्याळांची काय बडदास्त!" ती म्हणायची. "आम्हाला नाही कुणी असं जपत."

"तुझ्यात दातेरी चाकं आहेत का?"

ती खळखळून हसायची. पुढे हसलं की ढास लागायला लागली, म्हणून त्यानं थट्टा सोडली. ती चुलीच्या धुराला बोल लावायची, तोही तेच मानून चालला. एकदा मात्र ती म्हणाली होती, "अहो, जरा उघडा ना खिडकी. घुसमटतंय."

"एवढं एक घड्याळ होऊ दे," तो म्हणाला होता. मग दुसरं आलं.

दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. रिपोर्टचा कागद हातात होता, पण तो वाचण्याआधीच त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"काका, पोरीलाही आहे. पण वेळेत सापडलंय. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. बरी होते. आणि उद्या तुम्हीही तपासून घ्या." मग त्यांची नजर वर गेली. "ही खिडकी?"

"धूळ येते."

"आणि तिघं इथेच झोपत होता?"

"दुसरी खोली कुठून आणू, बाई?"

"दुसरी कोण मागतंय? आहे ती उघडा. खोकल्यातनं निघालेले जंतू बंद खोलीत तिथंच फिरत राहतात."

त्यानं पट्ट्यांकडे पाहिलं. "आधी उघडली असती तर?"

"ते कुणाला सांगता येणार, काका?" बाई हळू म्हणाल्या. "अर्धपोटी राहणं, उशिरा दवाखान्यात येणं, सगळंच असतं त्यात."

त्या गेल्यावर त्यानं सगळ्यात बारीक पेचकस घेतला आणि पट्टीच्या कडेला घातला. निघेना.

"आईनं घट्ट चिकटवलीय," मुलगी म्हणाली.

"तिचं काम कधी कच्चं नसायचं."

पट्टी सुटली तेव्हा वाळलेल्या खळीत बोटांचे ठसे दिसले. जोर लावून दाबलेले, ओळीनं. तेवढी पट्टी त्यानं खिशात ठेवली, बाकीच्या फाडल्या आणि खिडकी ढकलली. वारा धुळीसकट आत आला. टेबलावर एक घड्याळ उघडं होतं. मुलगी पेला घेऊन झाकायला धावली.

"राहू दे ते," तो म्हणाला. "तू इकडे ये. खिडकीशी बस."

ती बसली. तिला खोकला आला. तिनं सवयीनं उशीकडे हात नेला, तेव्हा त्यानं खिशातला रुमाल तिच्या हातात दिला.

"तोंडावर धर आणि खोक, बाळ. मला ऐकू येऊ दे."